बाग कोणाची, भार कोणाचा?



गेल्या हिवाळ्यात आपल्या धर्मग्रामातील मुलांना घेऊन आम्ही काही जण बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सहलीला गेलो होतो. बदलापूरहून सकाळची लोकल, दादरला गाडी बदलून बोरिवली. कान्हेरीची लेणी पाहून खाली उतरताना एक आदिवासी बाई बोरे आणि आवळे विकत बसली होती. मुलांनी विचारले, "मावशी, तुम्हाला बिबट्याची भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाघोबा आमचा देव. भ्या वाटतं ते घर उठवायला येनाऱ्यांचं."

परतीच्या गाडीत एका मुलीने आम्हाला विचारले, "मग ते जंगल कोणाचं? बिबट्याचं, त्या मावशीचं की आपलं?" त्या वेळी आम्ही उत्तर टाळले. आज ते शोधण्याचा प्रयत्न करू या.

हे जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. चारही बाजूंनी शहर वाढले आहे आणि उत्तरेला ते वसईच्या खाडीला टेकते. त्याच्या कुशीत विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आहेत आणि ते आजही मुंबईला पाणी देतात. चाळीसहून अधिक बिबटे तिथे राहतात. जंगल पावसाचे पाणी धरून ठेवते. या गोष्टीचे मोल बदलापूरकरांना वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आपल्या दारात आली होती. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्या आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांना होड्यांतून सोडवावे लागले. तेव्हा जंगल राहावे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याची किंमत कोणी द्यावी, याचा.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ पूर्वीच्या रहिवाशांना पर्यायी जागा मिळणार होती, पण त्यासाठी प्रत्येकी सात हजार रुपये भरायचे होते. रोजंदारीवर जगणाऱ्याने ते कोठून आणावेत? सुरुवातीला या लोकांना आपल्या कल्याणजवळ पाठवायचा विचार झाला. पुढे चांदिवलीला इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न तर अजूनही रेंगाळतो आहे.

यावर दोन सोपी उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, "आधी माणूस, मग झाड." दुसरे म्हणते, "जंगलात घुसले ते गेलेच पाहिजेत." पहिल्या उत्तराने चालायचे ठरवले, तर काही वर्षांत जंगलच उरणार नाही आणि पाण्याचा पहिला फटका गरिबालाच बसेल. म्हणून न्यायालयाची काळजी खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुसरे उत्तर देणारे बहुधा असे असतात, की ज्यांना स्वतः काहीच सोडावे लागत नाही. त्यांना सकाळी फिरायला स्वच्छ हवा मिळते. पाड्यावरच्या आईला मात्र अंधार पडल्यावर मुलाला अंगणात सोडता येत नाही. २०२२ च्या दिवाळीत शेजारच्या आरेमध्ये बिबट्याने सोळा महिन्यांच्या एका मुलीचा जीव घेतला. जंगल सर्वांचे म्हणायचे आणि त्याचे दुःख मात्र तिच्या आईवडिलांचे, याला न्याय कसे म्हणावे?

मापही सर्वांना एकच हवे. त्याच आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. मेट्रो लोकांच्याच सोयीची आहे, हे खरे. पण मोठ्या कामासाठी झाड बाजूला होऊ शकते आणि डोक्यावरच्या छपरासाठी होऊ शकत नाही, असे असेल तर आपण झाडाची बाजू घेत नसून बळवंताची घेत आहोत.

पवित्र शास्त्रात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारी भाजीची बाग हवी होती. बाग हवी असणे हे पाप नव्हे. राजाने मोबदलाही देऊ केला होता. पण नाबोथाला ती जमीन पूर्वजांकडून मिळालेली होती आणि तो नाही म्हणाला. त्याचे 'नाही' राजवाड्याला सहन झाले नाही आणि अखेर निरपराध्याचा जीव गेला. मोबदला देऊ केला म्हणजे न्याय झाला, असे नाही. समोरच्याला नाही म्हणता येते का, हेही पाहावे लागते.

आता थोडे स्वतःकडे पाहू. मुंबईत जागा परवडेना म्हणून आपल्यातील कित्येक कुटुंबे बदलापुरात आली. आपल्या इमारती कोणाच्या तरी भातशेतीवर, कोणाच्या तरी जांभळाच्या झाडांच्या जागी उभ्या आहेत. जवळच्या बारवी धरणाचे पाणी जिल्ह्यातील कारखान्यांना आणि शहरांना जाते. त्यासाठी पाडे आणि शेते पाण्याखाली गेली. आपण कोणाला उठवले नाही, पण कोणीतरी उठले म्हणून आपण बसलो आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात पृथ्वीचे रडणे आणि गरिबांचे रडणे वेगळे करता येत नाही, असा विचार मांडला, तो इथे आपल्या दारात लागू पडतो.

मग आपण काय करावे? आम्हाला एक साधा नियम सुचतो: लाभ ज्याचा, भारातही वाटा त्याचा. नगरपालिका एखाद्या जागेवरची झाडे तोडायची सूचना लावते, तेव्हा ती वाचून हरकत नोंदवावी. कचरा उघड्यावर टाकू नये, कारण कचऱ्यामागे कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांनी भोगले आहे. आणि जूनमध्ये स्टेशनजवळ पानांच्या द्रोणात जांभळे विकणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. ती ज्या डोंगरावरून येते, त्याच डोंगरामुळे आपल्या नदीला पाणी आहे.

त्या मुलीला आमचे उत्तर एवढेच: जंगल परमेश्वराचे. आपल्याला ते राखायला दिले आहे, आणि राखणदारीचे सगळे ओझे त्या एकट्या मावशीच्या डोक्यावर ठेवून आपल्याला घरी जाता येणार नाही.