प्रार्थनेचे मोल

माणसांप्रमाणे शब्दांच्या वाट्यालाही चढउतार येतात. काही शब्द झोपडीत जन्मून राजवाड्यात जातात, तर काही देवळात जन्मून रस्त्यावर येतात. इंग्रजीतला ‘बीड्समन’ हा शब्द दुसऱ्या प्रकारचा. आज तो बोलण्यात उरलेला नाही. जुन्या वाङ्मयात आणि कोशांत तेवढा भेटतो. पण देण्याघेण्याचा हा सण आला, की मला त्याची कर्मकथा हटकून आठवते.

‘बीड’ म्हणजे मणी, हे शाळकरी पोरही सांगेल. (आपल्या मराठवाड्यातल्या बीडचा इथे काही संबंध नाही!) पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता प्रार्थना. मध्ययुगातला भाविक ख्रिस्ती माळेवर प्रार्थना मोजी. एक प्रार्थना झाली, की एक मणी पुढे सरके. मोजता मोजता प्रार्थनेचे नाव मण्यालाच चिकटले. ओठांवरचा शब्द बोटांत उतरला. तेव्हा बीड्समन म्हणजे मणी विकणारा नव्हे, तर प्रार्थना करणारा. आणि तीही मुख्यतः दुसऱ्यासाठी.

दुसऱ्यासाठी का? त्या काळची श्रद्धा अशी, की मृत्यूनंतर बहुतेक आत्म्यांना शुद्ध होण्यासाठी काही काळ यातना सोसाव्या लागतात आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने त्या हलक्या होतात. त्यातही गरिबाचे शब्द देवाला लवकर ऐकू येतात! मग श्रीमंतांनी काय करावे? त्यांनी गरिबांसाठी घरे बांधली, अन्नवस्त्राची सोय केली आणि मोबदल्यात प्रार्थना मागितली. ऑक्सफर्डजवळच्या यूएल्म गावी विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस यांनी 1437 मध्ये असे एक आश्रयगृह स्थापन केले. ही अ‍ॅलिस म्हणजे कवी चॉसरची नात. तेथे 13 गरीब पुरुषांनी राहावे, नेमलेल्या वेळी देवळात जावे आणि राजासाठी व संस्थापकांसाठी प्रार्थना करावी, असा नियम होता.

हा सौदा आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. पोटासाठी केलेली प्रार्थना ती कसली प्रार्थना, हाही प्रश्न रास्त आहे. रोज घंटा वाजली, की दुसऱ्याच्या पापांसाठी गुडघे टेकायचे, ही काही सुखाची नोकरी नव्हे. पण या सौद्यात एक गोष्ट होती, जी निव्वळ दानात नसते. घेणाऱ्याच्या हातीही काही होते. सरदाराजवळ भाकरी होती, म्हाताऱ्याजवळ प्रार्थना होती. आणि सरदाराला त्या प्रार्थनेची खरोखर गरज वाटत होती.

शब्दाला प्रतिष्ठा असली, की मोठी माणसे तो उसना घेतात. वरिष्ठांना पत्र लिहिताना ‘आपला बीड्समन’ अशी सही करण्याची रीत पडली. सर थॉमस मोअरने 1534 मध्ये आठव्या हेन्रीला लिहिलेल्या पत्राखाली स्वतःला राजाचा असाच प्रार्थक म्हणवले. पुढच्याच वर्षी राजाने त्याचा शिरच्छेद करविला. त्याच्या बाबतीत तरी तो शब्द निव्वळ शिष्टाचाराचा नसावा. पण बाकीच्यांच्या लेखणीत तो आपल्या ‘आज्ञाधारक सेवका’सारखा गुळगुळीत होत गेला.

मग धर्मसुधारणेचा वारा आला. 1547 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या संस्थांची मिळकत राजाच्या ताब्यात गेली आणि त्यामागची श्रद्धाच चुकीची ठरवली गेली. चलनातले नाणे एका रात्रीत रद्द व्हावे, तसे गरिबाचे झाले. भूक तीच, हात तोच. पण मोबदल्यात द्यायला हातात काही राहिले नाही. प्रार्थक हळूहळू नुसता याचक झाला.

स्कॉटलंडमध्ये हा प्रवास नजरेत भरतो. तेथे ‘राजाचे बीड्समन’ असत. त्यांची संख्या राजाच्या वयाच्या वर्षांइतकी. दर वाढदिवसाला एकाची भर. प्रत्येकाला निळा झगा, वयाच्या आकड्याइतकी नाणी आणि देशभर भीक मागण्याची मुभा देणारा बिल्ला मिळे. राजा जितका जगेल तितकी जास्त माणसे त्याच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करणार, असा हा हिशेब! पण लोकांच्या लेखी ते सरकारी परवान्याचे भिकारीच. 1833 नंतर नव्या नेमणुका थांबल्या आणि 1863 मध्ये शेवटच्या बीड्समनने आपला शेवटचा भत्ता उचलला.

सर वॉल्टर स्कॉटच्या ‘द अँटिक्वरी’ या 1816 च्या कादंबरीत असा एक निळा झगेवाला आहे, ईडी ऑकिल्ट्री. त्याला कोणी कायमचे घर देऊ करते, पण तो राजी होत नाही. तो गावोगावच्या बातम्या नेतो, गोष्टी सांगतो, उपयोगी पडतो. मी एका जागी बसलो तर या लोकांचे कसे होईल, असे त्याला वाटते. याउलट कीट्सच्या ‘द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस’ या 1820 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यातला म्हातारा बीड्समन थंडीत गारठून माळ ओढतो. त्याच वाड्यात उत्सव रंगला आहे, वाद्ये वाजताहेत. आणि तो, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, राखेत बसल्या बसल्या मरून जातो. एकाची कोणाला तरी गरज आहे, दुसऱ्याची कोणालाच नाही. दोघांमधले सारे अंतर मला एवढेच दिसते.

हा शब्द मेला, पण त्याचे भूत आपल्या घरापर्यंत आले आहे. इंग्रजी अर्जांच्या शेवटी ‘अर्जदार आपल्यासाठी सदैव प्रार्थना करील’ असे लिहीत. इंग्रजांबरोबर ती रीत आपल्या न्यायालयांत आली. आजही मुंबईच्या उच्च न्यायालयात जाणाऱ्या कित्येक इंग्रजी अर्जांच्या अखेरीस, या कृपेबद्दल अर्जदार कर्तव्य म्हणून सदैव प्रार्थना करील, अशा अर्थाची ओळ असते. वर संविधानाने दिलेला हक्क मागायचा आणि खाली कृपेची भाषा! ती ओळ गेली तर मला दुःख होणार नाही. हक्काच्या गोष्टीसाठी कोणी कोणाचा बीड्समन होऊ नये.

पण सगळेच देणे हक्काच्या खात्यात मांडता येत नाही. दिवाळीत आपण पहारेकऱ्याला, घरकाम करणाऱ्या बाईंना पोस्त देतो, फराळाचा डबा देतो. मन प्रसन्न होते, आणि त्याच वेळी आपण एक पायरी वर चढून बसतो. समोरच्याकडूनही आपल्याला काही हवे असेल, हे आपल्या स्वप्नातही येत नाही. मध्ययुगातल्या त्या सरदारांची समजूत खुळी असेल. पण गरिबाजवळ आपल्याजवळ नसलेले काही आहे आणि ते आपल्याला मागावे लागेल, एवढी नम्रता त्या खुळेपणात होती. आपल्या शहाणपणात ती कितीशी उरली आहे?

आपल्याकडे जुन्या बायका शेजारचे ताट रिकामे परत धाडत नसत. घरात काही नसले तरी चिमूटभर साखर घालीत. साखरेचे मोल ते काय? पण त्या चिमटीने दोन घरे समान पातळीवर येत. या दिवाळीत दिलेला डबा परत येताना त्यात काही घालून आला, तर ‘कशाला हो उगीच?’ असे म्हणू नये. दोन्ही हातांनी घ्यावा.