फिटले

दिवाळीची झाडलोट हा दरवर्षी घरातल्या घरात केलेला एक लांबचा प्रवास असतो. यंदा माळ्यावर चढलो तो फराळाचे मोठे डबे काढायला, आणि खाली उतरलो तो वडिलांची १९७६ सालची जमाखर्चाची वही घेऊन. डबे वरच राहिले. त्याबद्दल हिने जे काही ऐकवायचे ते ऐकवले. पण वही माझ्या हातून सुटेना.

वडील साताऱ्याला पोस्टात कारकून होते. पगार चारशेच्या घरात, आणि खाणारी तोंडे सात. दूध, वाण्याची उधारी, रॉकेल, शाळेच्या फिया, आजीचे औषध हे सारे वहीत असणारच होते. मला नवल वाटले ते शेवटच्या पानाचे. तिथे दोनच रकाने होते, ‘घेतले’ आणि ‘दिले’. कुणाकडून वीस रुपये हातउसने घेतलेले, तर कुणाला पंधरा दिलेले. प्रत्येक नोंदीवर आडवी रेघ, आणि रेघेपुढे एकच शब्द : ‘फिटले.’

मोठा गमतीचा शब्द आहे हा! आपल्याकडे कर्ज फिटते, हौस फिटते, पांग फिटतात, संशय फिटतो. कर्ज आणि हौस यांची इतकी सोयरीक असावी हे आपल्या पूर्वजांच्या अनुभवाला धरूनच असेल. फक्त दोघांची वेळ जुळत नाही. हौस आधी फिटते. कर्जाचे फिटणे मागे रेंगाळते. माझी हौस फिटून दोन वर्षे होऊन गेली होती, आणि तिचे कर्ज मात्र घरात लपूनछपून नांदत होते.

आम्ही दोघेही मिळवते. पुण्यात स्वतःचे घर. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता तारखेला बिनचूक जातो. बँकेच्या लेखी मी अब्रूदार मनुष्य आहे. पण दोन वर्षांपूर्वीची थायलंडची सहल आणि भिंतभर पसरलेला टीव्ही हे मी क्रेडिट कार्डावर केले होते, आणि ‘बोनसातून भागवले’ असे हिला सांगितले होते. त्याचे १,८०,००० रुपये अजून देणे होते. दरमहा शेकडा साडेतीन व्याज, म्हणजे महिन्याला ६,३०० रुपये. त्यावरचा कर वेगळाच. मी महिन्याला ९,००० भरून ‘फेडतो आहे’ असे मनाचे समाधान करून घेत होतो. आणि दुसरीकडे, अडीअडचणीला असावी म्हणून, शेकडा सात वर्षाकाठी देणारी दोन लाखांची ठेव तशीच जपून ठेवली होती! बेचाळीस टक्क्यांनी घ्यायचे आणि सात टक्क्यांनी ठेवायचे, हा व्यापार एखादा वेडा वाणीही करणार नाही. मी पदवीधर असल्यामुळे मला तो जमला.

पण हा झाला अडाणीपणा. त्यात पाप कुठे आहे? माझे उत्पन्न, माझे कर्ज, माझे व्याज. दुसऱ्या कुणाचे काय गेले? बरेच दिवस मी मनाशी असाच वाद घालीत होतो, आणि जिंकतही होतो.

वडिलांच्या वहीने मला हरवले. तो ‘दिले’चा रकाना वाचताना जून महिन्यातली एक सकाळ आठवली. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी दहा हजार उसने मागितले होते. मी म्हणालो, “मावशी, सध्या हात जरा अडचणीत आहे हो.” ते खोटे नव्हते, हेच वाईट. त्या महिन्यात बँकेत उरलेच नव्हते. मावशींनी भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलेसुद्धा नाही. “असू द्या, काका,” म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

त्यांनी मागितलेले दहा हजार माझ्या दोन महिन्यांच्या व्याजाहूनही कमी होते.

गरजेचे कर्ज निराळे. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. गावोगाव रोखे जाळले गेले आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्यांच्या कर्जामागे सारा होता, नापिकी होती, कापसाचे पडलेले भाव होते. माझ्यामागे काय होते? शेजाऱ्यांच्या सहलीचे फोटो! मी कुणाचे रोखे जाळू? आणि देहूचे तुकोबा पाहा. घरची महाजनकी, पण आपल्या वाटणीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. दुसऱ्याला मोकळे करायला आधी आपला हात मोकळा असावा लागतो. माझा हात मीच बांधून घेतला होता.

म्हणून मला आता असे वाटते की, खाऊनपिऊन सुखी माणसाचे हौशीचे कर्ज त्याच्या एकट्याचे कधीच नसते. त्याचा एक हप्ता बँकेत जातो. दुसरा, जो कुठल्याच कागदावर नसतो, तो दाराशी आलेल्या माणसाला आपण दिलेल्या नकारातून फिटतो.

त्या रात्री हिला सगळे सांगितले. ती रागावली, पण रकमेवर नव्हे. “दोन वर्षे मी त्या सहलीचे कौतुक चारचौघांत सांगत होते, आणि तुम्ही ऐकत होतात!” एवढेच म्हणाली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच ठेवीची पावती काढून माझ्यापुढे ठेवली. ठेव मोडली, कार्डाचे देणे मिटवले. उरलेल्यातले दहा हजार पाकिटात घालून मावशींपुढे धरले.

त्या हसल्या. “सोय तेव्हाच झाली, काका. बचत गटातून उचलले. शेकडा दोनानं. थोडेच राहिलेत आता.” मी आग्रह केला. “नको. फेडत आणलंय मी. पुढच्या वर्षी परत फी असेल की, तेव्हा बघा.”

पाकीट माझ्याच हातात राहिले. माझ्या नकाराचे व्याज ती बाई भरीत होती, आणि ते मला भरता येणार नव्हते.

व्यापारी लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजतात. आपण घरगुती माणसे नाणी पुजतो, दागिने पुजतो. हिशेब मात्र कपाटात कोंडून ठेवतो. यंदा आम्ही पाटावर एक नवी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर दोघांचा पगार आणि दोघांची सगळी देणी, हिच्या अक्षरात. शेवटच्या पानावर वडिलांचे ते दोन रकाने. ‘दिले’च्या रकान्याखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे : पुढचा जून, मावशी, १०,०००. त्यासाठी दरमहा बाराशे पन्नास बाजूला पडायचे आहेत.

‘फिटले’ लिहायला अजून अवकाश आहे. पण आपल्या भाषेत अंधारही फिटतो, हे पणती लावताना आठवले.