माळ कुणी कुणाला घालायची?

आमच्या सोलापूर जिल्ह्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे एका चुलीवर दोन स्वयंपाक होतात. घरातल्या एकाने पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातलेली असते. तो मटण खात नाही, दारूला शिवत नाही, एकादशी धरतो. बाकीचे रविवारी मटण आणतात. माळकऱ्याचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. बहुतेकदा माळकरी असतो नवरा किंवा सासरा, आणि दोन्ही पातेली ढवळणारी असते बायको किंवा सून, जिला या व्यवस्थेबद्दल कुणी काही विचारलेलं नसतं. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. मला मात्र गेली दोन वर्षं हाच विचार पडलाय.

कारण साधं आहे. मी जन्माने शाकाहारी, बायको जिवापाड मटणप्रेमी. मी लिंगायत घरातला, ती पद्मशाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. त्या आठवड्यात एका मंगळवारी ती म्हणाली, "आपण पण कमी करायला पाहिजे रे." मी मान डोलावली. रविवारी सकाळी ती नेहमीसारखी डबा घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभी.

आता यातली खरी कोण, मंगळवारची की रविवारची? जोडीदाराचं मांस कमी कसं करावं याबद्दलचा जेवढा सल्ला आपल्याला मिळतो, त्यात हे उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं: मंगळवारची खरी, शहाणी, रविवारची म्हणजे जिभेची गुलाम. मला हे पटत नाही. रविवारच्या रश्शात तिच्या आजोळचा मसाला आहे, बापलेकीने एका ताटात भाकरी कुस्करून खाल्ल्याची वर्षं आहेत. त्याला नुसतं 'व्यसन' म्हणणं हा शुद्ध आळस आहे. पण मंगळवारचं वाक्यही तिचंच होतं, आणि ते मी ऐकलंच नाही असं वागणं हेही प्रेमाचं लक्षण नव्हे. एकदा उच्चारलेल्या वाक्याची मुदत किती असते? आणि त्याच्या जोरावर दुसऱ्याला नेमकं काय काय करता येतं?

इथे मला माळ आठवते. दारात टाळ वाजवण्याइतकाही मी वारकरी नाही, पण या प्रथेत एक शहाणपण आहे. माळकरीही मंगळवारी एक आणि रविवारी दुसरा असतोच, म्हणून तर तो माळ घालतो. पुढे कधीतरी डळमळणाऱ्या स्वतःला त्याने आधीच बांधून ठेवलेलं असतं. महाराजांच्या हातून घातली तरी निर्णय त्याचा असतो. ती गळ्यात दिसते, म्हणून लग्नाच्या पंगतीत शेजारचा त्याला "अहो, माळ आहे ना?" असं विचारू शकतो आणि त्यात आगाऊपणा होत नाही. त्या विचारण्याचा परवाना त्याने स्वतःच गळ्यात लटकवलेला असतो. आणि ती काढता येते. लोक नावं ठेवतात, पण काढता येते; खुंटीला माळ टांगून पुन्हा बोकडाच्या पंगतीला बसलेले गावोगाव आहेत.

दुसऱ्याच्या गळ्यात, त्याला न विचारता, न दिसणारी आणि न काढता येणारी माळ घालणं ही मात्र वेगळी गोष्ट. मटणाच्या खिम्यात सोयाबीनच्या वड्या वाटून मिसळणं, 'दुकान बंद होतं' म्हणून सांगणं, डॉक्टरांनी म्हटलं त्यापेक्षा चार गोष्टी वाढवून भीती घालणं. हे प्रकार 'युक्त्या' म्हणून कौतुकाने सांगितले जातात. आमच्या धंद्यात याला नाव आहे: डार्क पॅटर्न. ग्राहकाने नकळत हो म्हणावं, नाही म्हणायचं बटण त्याला सापडू नये, अशी स्क्रीन बनवायची. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांना मार्गदर्शक तत्त्वांतून मनाई केली. विमानाच्या तिकिटासोबत गुपचूप चिकटवलेला विमा जर अनुचित असेल, तर खिम्यात गुपचूप मिसळलेली वडी पोषक आहे म्हणून उचित कशी ठरेल?

याचा अर्थ ताटाला हातच लावू नये असा नाही. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या २००८ च्या 'नज' या पुस्तकाचा मुद्दा हाच की निवडीची मांडणी कुणीतरी करतंच. मांडणीशिवाय निवड नसते. आठवड्यातले चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे असतो, म्हणजे मी काही ना काही ठरवणारच. पण त्या पुस्तकात जॉन रॉल्सकडून घेतलेली एक अट आहे जी लोक विसरतात: सरकारने असं धोरण वापरू नये ज्याचं समर्थन त्याला लोकांसमोर उघडपणे करता येणार नाही. घरात ती आणखी सोपी होते. मी जे करतोय ते तिला जेवताना सांगू शकतो का? 'मी आज मुद्दाम शेंगोळे केलेत, म्हणजे तुला रस्सा आठवणार नाही' हे सांगता येतं. त्यावर ती हसते आणि ताट पुढे करते. वडीचं सांगता येत नाही, कारण सांगितलं की युक्ती संपते.

इथवर प्रकरण सरळ होतं. पण आपण महाराष्ट्रात राहतो, आणि इथे शाकाहारी माणसाच्या काळजीला एक जुना वास असतो. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या स्वयंपाकाबद्दल आहे. ते वाचताना लक्षात येतं की कुणाचं अन्न 'संस्कृती' झालं आणि कुणाचं 'लाज', हे चवीवरून ठरलेलं नाही. सोलापुरात घर भाड्याने शोधताना मालकाने पहिला प्रश्न "व्हेज ना?" असा विचारला, तेव्हा तो आमच्या कोलेस्टेरॉलची चौकशी करत नव्हता. त्यामुळे मी तिला 'जरा कमी खा' म्हणतो तेव्हा त्या वाक्याच्या मागे तो घरमालक उभा असतो, मला नको असला तरी.

माझ्या बाजूचा विनोद तर आणखी गमतीचा. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणमध्ये शरणांनी दयेला धर्माचं मूळ मानलं आणि जातही नाकारली. परंपरा सांगते की हरळय्या या चर्मकार शरणाच्या घरचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या घरची मुलगी यांचं लग्न झालं, आणि दोघांच्या वडिलांना त्यासाठी मरणदंड मिळाला. यातलं आमच्या नातेवाइकांकडे काय टिकलं? मांस न खाणं टिकलं. जातीबाहेरच्या लग्नाचं विचाराल, तर आमच्या लग्नात काही खुर्च्या रिकाम्या होत्या.

शिवाय ती बायको आहे आणि मी नवरा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ८३ टक्क्यांहून जास्त जण कधी ना कधी मांसाहार करतात; स्त्रियांमध्ये हेच प्रमाण साधारण ७१ टक्के. देश एक, घरं बरीचशी एकच, तरी १२ टक्क्यांचा फरक. उपास कुणाचे, तुकडे आधी कुणाच्या ताटात, सासरी गेल्यावर कुणी सोडलं, हे सगळं या फरकात कुठेतरी बसलेलं असणार. शाकाहारी सासरी आलेल्या मुलीने मांस सोडलं तर त्याला 'जुळवून घेणं' म्हणतात. मांसाहारी सासरच्या जावयाने सुरू केलं तर त्याला 'बिघडला' म्हणतात. म्हणून मंगळवारच्या वाक्याचा आधार घेऊन मी एकदा बोलायला लागलो तेव्हा तिने भाकरी मोडता मोडता विचारलं, "काय, मला माळ घालायलास का?"

खासगीपणाचा कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदी कायम ठेवताना, राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस घरात बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं. सरकारने स्वयंपाकघरात डोकावू नये, असा त्याचा आशय. पण नवरा आधीपासून स्वयंपाकघरातच असतो. त्याला बाहेर ठेवणारं कलम नाही.

मग माझी बाजू लंगडी आहे का? पूर्ण नाही. बापाच्या हृदयाचा प्रश्न खरा आहे आणि जनावराच्या जिवाचाही. पण हिशोब मांडायचा तर पूर्ण मांडावा. डॉक्टर सहसा म्हणतात, मटण कमी करा, चिकन चालेल. हृदयापुरतं ठीक. जिवांचं गणित मात्र उलटं फिरतं. एका बोकडातून दहा-बारा किलो मटण निघतं. तो वर्षभर तरी आमच्या कोरडवाहू माळावर चरलेला असतो, आणि ज्याची शेती पावसावर आहे त्याच्यासाठी तो अडीनडीला विकायचा ठेवा असतो. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत शेडमध्ये वाढून संपते आणि तिच्यातून दीड किलोच्या आसपास मांस मिळतं. बोकडाऐवजी चिकन म्हणजे एका जिवाऐवजी सात-आठ, आणि तेही वाईट जगलेले.

आणि मग दूध. मला पनीर आवडतं, दह्याशिवाय माझं जेवण संपत नाही. 'व्हेज' आणि 'वनस्पतीजन्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडचा शाकाहारी सोयीने विसरतो. पंढरपुरी म्हैस तिच्या लांब शिंगांसाठी आणि दुधासाठी नावाजलेली. पण तिला रेडा झाला तर त्याचं काय होतं हे गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. २०१८ साली 'सायन्स' नियतकालिकात पूअर आणि नेमेचेक यांचा मोठा अभ्यास आला. त्यातल्या जागतिक सरासरीनुसार किलोमागे चीजचं हवामानावरचं ओझं कोंबडीच्या मांसापेक्षा जास्त आहे. म्हणजे तिच्या चिकनऐवजी मी पनीर बटर मसाला पुढे केला तर मी तिला नेमकी कशात मदत केली? माझ्यासारखं होण्यात, एवढंच.

राहिला चवीचा भाग, आणि इथे सोलापूरकराला फार विचार करावा लागत नाही. मटण आवडतं म्हणजे बरेचदा काळा मसाला, तर्री, कुस्करलेली कडक भाकरी, घाम येईस्तोवर जेवणं आवडतं. हुलग्याच्या शेंगोळ्यांना हे सगळं पेलतं. शेंगाचटणी, मटकीचा झणझणीत रस्सा, येसर आमटी यांना मटणाची नक्कल करायची गरज नाही. वेळ अमावास्येला तिला पहिल्यांदा शेतावर नेलं. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, कांदापात, चिंच आणि बेसन एकत्र रटरटलेली ती भज्जी, सोबत बाजरीचे उंडे. तिने तीनदा वाढून घेतलं आणि दिवसभर मटणाचं नाव नव्हतं. मी काही बोललो नाही. रात्री घरी आल्यावर तिने फ्रीजमधले मासे काढले आणि तळले.

त्यानंतर महिनाभराने तिनेच कॅलेंडरवर पेनने चार रविवारांपैकी दोन खोडले. का ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्याखाली सोमवार ते शुक्रवार एक रेघ ओढून तिने लिहिलं: 'दही - तू'. आज अठरावा दिवस. कोरा चहा मला अजून आवडत नाही, आणि दूध त्या रेघेत येतं की नाही यावर आमचं भांडण चालू आहे.