धुळीतलं सोनं

चेन्नईच्या सावकारपेठेत विट्याकडच्या एका माणसाचं गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, हा पिढीजात धंदा. त्याची मुलगी बारावी झाली आणि म्हणाली, "अण्णा, मला इतिहासात बी. ए. करायचंय."

गावाकडून मामाचा फोन आला. "दाजी, पोरीला कॉम्प्युटरला घाला. आज भाव त्यालाच आहे. इतिहासात काय, नुसती धूळ!"

मुलगी हिरमुसली. म्हणाली, "अण्णा, कुंभकोणमचे सर टी. माधवराव, आपल्यासारखेच मराठी. इथं मद्रासला गणित आणि खगोल शिकले. बांबूच्या नळीत बाजारातली भिंगं बसवून दुर्बिणी करायचे. पुढं त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे आणि 1875 साली बडोद्याचे. गणित शिकून दिवाण!"

अण्णा काही बोलले नाहीत. कोपऱ्यातलं पोतं त्यांनी पुढं ओढलं. सोनारांच्या दुकानातली झाडलोट होती ती, पैसे मोजून घेतलेली. ती जाळली, राख कुटली, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढला. मग परातीत पुन्हा पुन्हा धुतली. हलकं वाहून गेलं, जड तळाशी राहिलं. ते टाकणखार घालून मुशीत वितळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीच्या तळहातावर त्यांनी हरभऱ्याएवढा पिवळा मणी ठेवला.

"ही मामा म्हणतो ती धूळ."

मुलीचा चेहरा उजळला. "म्हणजे इतिहासावर माझं पोट भरेल?"

"पोतं घरात आणून ठेवलं म्हणून भरत नाही, पोरी. माझे हात बघ." ॲसिडनं बोटं पिवळी पडली होती. "भिंगं बाजारात सगळ्यांनाच मिळत होती, दुर्बीण माधवरावांनी केली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतले कागद आहेत, असं तूच सांगतेस. मग मोडी शीक. तमिळ नुसती बोलू नकोस, वाचायलाही शीक."

त्या रात्री मुलगी मोडीची बाराखडी गिरवत बसली. अण्णांनी मामाला फोन लावला. "कॉम्प्युटर वाईट नाही, पाव्हणं. पण राख तिथंही धुवावीच लागते. हिला ही राख धुवायची हौस आहे, तर हिला हीच धुऊ द्या."

तात्पर्य : विषयाचा भाव बाजार ठरवतो आणि तो रोज बदलतो, विषयातलं सोनं मात्र आवडीनं केलेल्या कष्टानंच हाती लागतं.