अंकुर, अन्न आणि तप

घटस्थापनेच्या दिवशी वाशिम जिल्ह्यात, वऱ्हाडातील इतर भागांप्रमाणेच, काळ्या मातीत ज्वारी, गहू यांसारखी धान्ये पेरून मधोमध घट बसवला जातो, आणि नऊ दिवसांत वाढलेले अंकुर दसऱ्याला प्रसाद म्हणून टोपीत किंवा केसांत खोवले जातात. ज्या अंकुरात शक्तीचे रूप पाहिले जाते, त्याचे पोषण घट सांभाळणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणे हाही धर्माचाच भाग नव्हे काय, हा प्रश्न या परंपरेतूनच उभा राहतो.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहण्यास सांगतो. त्यानंतर श्वेतकेतूला पाठ असलेले वेद आठवत नाहीत, आणि अन्नग्रहणानंतर ते पुन्हा स्फुरतात. मन अन्नावर उभे असते, हा त्या कथेचा सिद्धांत होय. रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे, या विकारात तोच पडताळा येतो : लोह अपुरे पडले की प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची शक्ती घटते, थकवा येतो, चित्त लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या.

शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम आणि नाचणीत सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह असते. परंतु धान्यातील फायटिक आम्ल त्याला बांधून ठेवत असल्याने त्यातील थोडेच शरीराला मिळते. बी रुजू लागले की फायटेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, हे बंधन सैल करते. म्हणून नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर सुकवून, मंद आचेवर भाजून दळण्याची जुनी घरगुती रीत शास्त्राला धरून आहे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत मात्र सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते, त्यामुळे ते कच्चे खाऊ नयेत. अशा आहाराने रक्तक्षय टाळण्यास मदत होते. जडलेल्या रक्तक्षयावर मात्र वैद्यकीय उपचार, आणि तो लोहाच्या कमतरतेमुळे असल्यास लोहाच्या गोळ्या, घ्याव्याच लागतात.

कारंजा, शिरपूर ही जैन तीर्थे वाशिम जिल्ह्यातच आहेत, आणि जैन आचारात मोड आलेले धान्य अनंतकाय, म्हणजे एका देहात अनंत जीव असलेले, मानून वर्ज्य केले जाते. अहिंसेचा हा सूक्ष्म विचार आदरास पात्र आहे. अशा घरांत मोड न आणताही जेवणात लिंबू घेतल्याने आणि जेवणालगतचा चहा टाळल्याने लोहाचे शोषण वाढते. पोषणाला मार्ग अनेक असतात, म्हणून त्यासाठी कोणाची श्रद्धा मोडावी लागत नाही.

राहिला प्रश्न तपाचा. उपवास हे तप ठरते ते स्वेच्छेमुळे. सर्वांना वाढून उरलेसुरले खाणाऱ्या स्त्रीची उपासमार तिने निवडलेली नसते, म्हणून तिला तपाचे नाव देणे हा धर्माचा विपर्यास आहे. उपवासात चालणारा राजगिरा लोहाने समृद्ध आहे, तर साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्ट असते. तेव्हा व्रताची मर्यादा पाळूनही देहाची काळजी घेता येते. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या परंपरेत कुटुंबातील स्त्रीचे ताट पहिल्या पंगतीत, पुरेसे वाढलेले असणे हे देवीपूजनाचेच अंग मानले पाहिजे. ते नसेल तर नऊ दिवसांचे पूजन अपुरेच राहते.