तत्त्वज्ञान आणि धर्म : एका जोडविषयाची कैफियत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अमलात येऊ लागल्यापासून कलाशाखेच्या विद्यार्थ्यास मुख्य विषयाच्या जोडीला एक 'मायनर', म्हणजे दुय्यम विषय, निवडावा लागतो. आणि अर्जातील तो रकाना भरताना बहुतेक मुले, व त्यांच्याबरोबर आलेले पालकही, गुण कोठे सुलभ मिळतील आणि स्पर्धापरीक्षेस काय उपयोगी पडेल, एवढाच हिशेब करतात. हा हिशेब मी गैर मानीत नाही. ज्या घरातले पहिलेच मूल पदवीपर्यंत पोहोचले आहे, त्या घराने उपजीविकेची चिंता आधी वाहिली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मराठी, इतिहास, राज्यशास्त्र यांपैकी एखादा विषय ज्याने मुख्य म्हणून पत्करला आहे, त्याने तत्त्वज्ञान आणि धर्म यांचा एकत्र अभ्यास दुय्यम विषय म्हणून करावा. त्यावाचून त्याचा मुख्य विषयच अपुरा राहतो, असे माझे मत आहे.

मराठी घेऊन बी. ए. करणारी विद्यार्थिनी 'अमृतानुभव' उघडते तेव्हा काय घडते ते पाहावे. दहा प्रकरणांच्या त्या ग्रंथातील सातवे, अज्ञानखंडनाचे, प्रकरण सर्वांत मोठे आहे. आणि ओवीमागून ओवी रचून ज्ञानदेव जे तेथे खोडून काढतात, ते अज्ञान म्हणजे व्यवहारातला नेणतेपणा नव्हे, तर या भासमान जगाचे कारण म्हणून वेदान्त्यांनी कल्पिलेले तत्त्व होय. हे अज्ञान राहते कोठे. ज्ञानरूप आत्म्याच्या ठायी त्याला थारा मिळेल काय. मिळाला तर त्या आत्म्याला ते नेणता का करीत नाही. आणि करीत नसेल तर त्याला अज्ञान तरी का म्हणावे, असा हा पेच एकेक फट बुजवीत आवळत जातो. प्रतिपक्षाचे म्हणणे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्यात दृष्टान्तांची आरास तेवढी दिसते. तिच्या आड चाललेला युक्तिवाद दिसत नाही, आणि मग परीक्षेच्या उत्तरात 'उपमासौंदर्य' या मथळ्याखाली चार ओव्या उद्धृत करून ती विद्यार्थिनी मोकळी होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' योगमार्ग व सूफी साधना या दोहोंची तोंडओळख नसेल तर अर्धाच हाती लागतो. आणि गोव्यात १६१६ साली प्रथम छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तील ओवीचे लाघव जाणूनही, मनुष्याचे आदिपातक आणि त्याचे तारण यांविषयीची ख्रिस्ती धारणा ज्याला उमगली नाही, त्याला त्या पुराणाचे प्रयोजन कळणार नाही.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची अडचण याहून निराळी नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले व १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' हे केवळ गीतेचे भाष्य नव्हे. कर्माची योग्यता त्याच्या बाह्य परिणामांवरून ठरवावी की कर्त्याच्या बुद्धीवरून, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी टिळक त्यात मिल व कांट यांनाही साक्षीस पाचारण करतात. जोतीराव फुले यांचे अखेरचे पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म', आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झालेला त्यांचा ग्रंथ 'बुद्ध आणि त्याचा धम्म' यांच्याही मुळाशी धर्माचाच प्रश्न आहे. ज्यांच्या वाटा एक नव्हत्या, अशा टिळक, फुले व आंबेडकर या तिघांनीही धर्माचा प्रश्न सोडवल्याखेरीज समाजाचा प्रश्न सुटत नाही हे जाणले होते. त्यांच्या चळवळींच्या सनावळ्या पाठ करावयाच्या आणि त्यांच्या विचाराचा हा गाभा मात्र वगळावयाचा, अशा शिक्षणाला अर्धवट याखेरीज दुसरे नाव नाही.

येथे विठ्ठल रामजी शिंदे यांचा दाखला मला सर्वांत मोलाचा वाटतो. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेला हा तरुण १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी गेला, १९०३ साली परतला, आणि १९०६ साली त्याने मुंबईत अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. ज्याने अनेक धर्म शेजारी शेजारी ठेवून वाचले, त्याला आपल्या धर्मातील अन्यायाकडे डोळेझाक करणे शक्य झाले नाही; आणि धर्मावरील श्रद्धा सोडणेही त्याला भाग पडले नाही.

महाविद्यालयात धर्म शिरला की एकतर कीर्तन चालेल नाहीतर कलागत लागेल, ही भीती अनेक सुजाण माणसे बोलून दाखवितात, आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत मनाई केली आहे ती धर्माची दीक्षा देणाऱ्या शिक्षणाला. धर्मांविषयीच्या अभ्यासाला ती मनाई लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालच्या निवाड्यात स्पष्ट केले आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी बुद्ध, सॉक्रेटिस, येशू, महंमद, कबीर, नानक इत्यादींची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतील निवडक उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मुख्य प्रश्न, अशी तजवीज सुचविली होती. त्या योजनेत मला एकच उणीव दिसते, ती अशी की प्रश्न शेवटच्या वर्षापर्यंत थांबवून ठेवले आहेत. तत्त्वज्ञान आणि धर्म हे दोन विषय एका वर्गात हवेत ते याचसाठी, की पुरावा कोणता, गृहीत कोणते, निष्कर्ष त्यातून निघतो की नाही, हे विचारण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागावी, आणि ती सवय नुसत्या 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत' अशा निर्जीव उदाहरणांवर न घोटता, ज्यांवर माणसे प्रत्यक्षात जगतात व भांडतात अशा श्रद्धांवर घोटली जावी. असा वर्ग चालवील त्या शिक्षकाने स्वतःच्या धर्माचे प्रतिपादन जेवढ्या आत्मीयतेने केले असेल, तेवढ्याच आत्मीयतेने परधर्माचेही केले पाहिजे, नाहीतर त्याने हा विषय हाती घेऊ नये.

विद्यार्थिसंख्या पुरेशी नाही या सबबीवर तत्त्वज्ञानाचे विभाग बंद करण्याकडे संस्थाचालकांचा कल दिसतो. प्राचार्यांस माझी विनंती आहे, की दुय्यम विषयाच्या यादीतून हा जोडविषय वगळण्यापूर्वी त्यांनी आपल्याच महाविद्यालयातील मराठीच्या व इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलावून, आमची मुले कोठे अडतात, एवढे एकदा विचारावे. आणि दहा मुले आली तरी तो वर्ग चालू ठेवावा.