योगक्षेम आणि सत्तरीनंतरचा विमा

योगक्षेम या शब्दाची फोड शांकरभाष्यात सरळ आहे: नसलेले मिळणे हा योग, मिळालेले टिकणे हा क्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायात हा भार देव उचलतो. आयुर्विमा महामंडळाने बोधवाक्य तिथूनच उचलले, हे जरा धाडसाचेच. मग विमा घेणे ही अश्रद्धा ठरते का? ते आश्वासन अनन्य भक्ताला आहे, आणि हातपाय गाळून बसण्याची मुभा तर अर्जुनालाही मिळाली नाही.

भोपाळच्या कोलार रोडवरच्या निवृत्त मराठी जोडप्यापुढे हा प्रश्न हप्त्याच्या रूपाने येतो. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचे संरक्षण आहे. पण ते योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच. त्यावरच्या बिलांसाठी 5 लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले 5 लाख सोडून पुढचे देणारा, सुपर टॉप-अप विमा स्वस्त पडतो. 8 लाखांच्या बिलात तो 3 लाख देतो. मात्र रुग्णालय योजनेबाहेरचे निघाले, तर पहिले 5 लाख घरचेच. तेवढी ठेव बँकेत नसेल, तर लहानशी मूळ पॉलिसी बरी. नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्यांच्या संरक्षणासाठीची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. पंचाहत्तरीत तो काळ लहान नव्हे.